गरम पाण्याची सोंड

पोटरीवर गरम थेंब पडला तेव्हा गुंडूला आधी वाटलं, आपल्यालाच काहीतरी लागलं. रक्त असंच गरम असतं. फटफटी पंचगंगेच्या पुलावर निम्म्यात आली होती. बाजूला जोडलेल्या टोपलीत हंबीरराव सरकार फेट्याचा शेमला एका हातानं धरून ताठ बसले होते, आणि डोक्यावर गवताचे भारे घेऊन गंगावेशीकडे निघालेल्या बायका कठड्याला चिकटून, तोंडाला पदर लावून हसत होत्या. दुसरा थेंब पडला, तिसरा पडला, मग थेंब उरले नाहीत, धारच लागली. गुंडूनं खाली पाहिलं नाही. भर पुलावर खाली बघणारा माणूस त्याच्या मते फटफटी हाकायच्या लायकीचाच नव्हता. नुसत्या पोटरीनं त्यानं ओळखलं: इंजनातून पुढच्या जाळीकडे जाणारी रबरी नळी उलली. आणि ओळखल्याबरोबर जी धास्ती वाटली ती नळीची नव्हती. नळी काय, बांधता येते. धास्ती पाण्याची होती.

कारण ही फटफटी पाणी पिणारी होती. कोल्हापुरात कुणाकुणाकडे फटफट्या आल्या होत्या त्या वाऱ्यानंच निवायच्या. हिचं तसं नव्हतं. इंजनाच्या अंगाभोवती पाणी खेळायचं, तापायचं, नळीतून वर जाळीत जायचं, वारा लागून निवायचं आणि परत खाली यायचं. पाणी संपलं की इंजन जळालं. आणि रस्त्यात पाणी संपलं तर ते मागायला जो उतरणार तो गुंडू जातीचा ढोर. कातडी कमावणारा, पखाल शिवणारा, मोट शिवणारा. त्याच्या घरात शिवलेल्या मोटा मुलखातल्या हिरींतून दिवसभर वरखाली करायच्या, त्यांच्या पाण्यावर लोकांचे मळे हिरवे राहायचे, त्याच पाण्यानं लोकांचे देव न्हायचे. पण मोट शिवणाऱ्याचा पोहरा त्याच हिरीत बुडाला तर हिर बाटायची. मोट चालते, हात चालत नाही. ह्यात काही शहाणपण असलं तर ते गुंडूला आजवर कुणी समजावून सांगितलं नव्हतं, आणि त्यानंही कुणाला विचारलं नव्हतं. तो एवढंच करायचा, की सरकारांच्या पागेतल्या नळावरून पत्र्याचा एक डबा काठोकाठ भरून मागं बांधून घ्यायचा. सरकार म्हणायचे, "गुंड्या, एवढं वझं कशाला? वाटंत गावं हायती की." गुंडू म्हणायचा, "आपलं असलेलं बरं, सरकार."

ह्याच्या मागं एक दुपार होती. ती त्यानं कुणाला सांगितली नव्हती. तो लहान होता, बानं नवी मोट डोक्यावर घेतली होती आणि दोघं कुठल्याशा गावाला ती पोचवायला निघाले होते. नव्या मोटेला कातडं कमावायच्या तरवडाच्या सालीचा उग्र वास असतो; तो वास आणि ऊन मिळून गुंडूचं नरडं चिकटून गेलं होतं. गावाबाहेरच्या हिरीवर एक बाई घागर घेऊन उभी होती. बा म्हणाला, "पोराला पाणी वाढा, आईसाब." गुंडूनं वाकून ओंजळ धरली. बाईनं वरून धार सोडली. ती वाईट बाई नव्हती, हेच गुंडूला पुढं कित्येक वर्षं सलत राहिलं. ती शेजारणीशी बोलत होती, कुणाच्या तरी लग्नातल्या मानपानाचं काहीतरी, आणि बोलता बोलता तिचं ध्यान उडालं. धार ओंजळीतून मनगटावर गेली, मनगटावरून डोक्यावर, डोक्यावरून कानात. गुंडू ओंजळ घेऊन धारेच्या मागं इकडून तिकडं हलत राहिला, कोंबडं दाण्यामागं हलतं तसा. शेजारणीला हसू आलं. मग बाईलाही आलं. घागर संपली आणि त्या निघून गेल्या तरी गुंडूची ओंजळ तशीच होती. बा म्हणाला, "चल." तेवढंच म्हणाला. गुंडूनं आपल्या तळव्यांची ती वाटी पाहिली आणि ती त्याला दुसऱ्याच कुणाची वाटली. त्या दिवशी त्या एवढ्याशा पोरानं मनाशी ठरवलं, की पाण्यासाठी हे हात पुन्हा असे जुळायचे नाहीत. नदीचं प्यायचं, झऱ्याचं प्यायचं, ओढ्यात तोंड घालून जनावरासारखं प्यायचं, पण कुणाच्या धारेखाली हात धरायचा नाही. आणि धरला नव्हता. माणसं देवाधर्माचे नेम पाळतात, गुंडूनं हा पाळला होता.

पूल संपल्यावर चिंचेखाली त्यानं फटफटी उभी केली. "काय झालं रं?" सरकारांनी विचारलं. "नळी उललीया, सरकार." "मग? माघारी?" हा माघारी शब्द सरकारांनीही नाखुशीनंच उच्चारला. वाड्यात त्यांच्या थोरल्या बंधूंनी चारचौघांत सांगितलं होतं, की ढोराच्या हाती यंत्र दिलंय, ते जोतिबाच्या पायथ्याला लागलं तर मिशी उतरवीन. सरकारांना त्या मिशीची फार हौस होती. गुंडूला नव्हती. बंधूंची मिशी राहो नाहीतर जावो. पण ज्या पागेत तो खोगिरं शिवायला म्हणून लागला, जिथं मुंबईहून फटफटीबरोबर आलेल्या फिटरानं त्याला "लांबूनच बघ" म्हणून बजावलं, आणि लांबूनच बघून बघून त्यानं प्रत्येक खिळ्याची कळ डोक्यात उतरवून घेतली, फिटर दारू पिऊन पडल्या दिवशी एकट्यानं इंजन उघडून परत बसवलं, त्या पागेत ढकलत नेलेली फटफटी त्याला न्यायची नव्हती. "माघारी कशाला?" तो म्हणाला. "कातड्याचं काम हाय. कातडं आपलंच."

आणि तो कामाला बसला तेव्हा खरोखर त्याला आनंद झाला होता. रबराची नळी म्हणजे काय, मोटेची सोंडच की. मोटेचा घेर हिरीत पाणी भरून घेतो आणि खालची सोंड ते थारोळ्यात सोडते. इथं तेवढंच काम, फक्त बोटभर जाडीचं. इंजनाच्या सांध्यांना घालायला म्हणून कमावलेल्या कातड्याचा एक तुकडा त्याच्याजवळ असायचा. तो त्यानं उललेल्या नळीभोवती बेतून घेतला, कडा तासल्या, आरीनं भोकं पाडली, दोऱ्याला मेण लावलं आणि दुहेरी टाका घातला, बानं शिकवला होता तसा, एक टाका दुसऱ्याच्या खांद्यावर. कातडं भिजलं की फुगतं आणि टाका गिळून टाकतं. बाच्या सोंडेतून थेंब गळत नसे. पागेतून आणलेला डबा जाळीत ओतून पुरेना, म्हणून तो उतारावरून नदीत गेला आणि डबा भरून आणला. नदी कुणाच्या बापानं खणलेली नव्हती. जाळी भरली, डबा संपला, पण नळीतून थेंब नाही, म्हणून डबा परत भरायला तो गेला नाही. एव्हाना जाणारी येणारी चार माणसं जमली होती आणि सरकार त्यांना सांगत होते, "बगा, बगा आमच्या गुंड्याचं काम! जातीचा ढोर हाय, पन हात बगा गड्याचा!" माणसांनी माना डोलावल्या. गुंडू हत्यारं पुसत होता. सरकार चांगला माणूस होता. महाराजांचं जातपात मोडायचं नवं वारं ज्यांच्या अंगात खरोखर शिरलं होतं अशांतला. त्यानं गुंडूला घोड्याच्या शेपटीमागून उचलून ह्या खोगिरावर बसवलं होतं आणि भावाशी वैर घेतलं होतं. पण त्याच्या तोंडचं ते "पन" गुंडूच्या कानात खड्यासारखं अडकलं. दुसऱ्याच्या हातांचं कौतुक होतं तेव्हा त्यात "पन" नसतं. नव्या घोडीचे दात उघडून दाखवतात तसं सरकार त्याला दाखवायचे, आणि घोडीला जो राग येत असेल तोच गुंडूला यायचा. तो गिळून त्यानं फटफटीला लाथ मारली आणि ती गरजली.

नदी बरीच मागं पडली. मळे लागले. इंजन चांगलं तापलं, वारा तोंडावर यायला लागला, आणि गुंडूच्या छातीत काहीतरी रुंद रुंद होत गेलं. बा असता तर त्याला टोपलीत बसवलं असतं, असं त्याच्या मनात आलं. बा घाबरून डोळे मिटून बसला असता. मग गुंडूनं ओरडून सांगितलं असतं, बा, तुझ्या टाक्यावर चाललीया ही, तुझ्या सोंडेवर! हे मनात चाललं असतानाच वास आला. आधी कढीसारखा, मग मटणासारखा, मग खूर जाळल्यासारखा. आणि पुढून वाफेचा असा लोट उठला, की सरकारांचा फेटाच दिसेना. फटफटी थांबली. गुंडूनं वाफ निवू दिली आणि पाहिलं. कातडं आखडून सुक्या अंजिरासारखं झालं होतं. टाके तुटले नव्हते, बाचा टाका तुटत नसतोच. टाक्यांनी कातडंच फाडलं होतं. जाळी कोरडी, इंजन कोरडं, डबा कोरडा.

त्याला लाज वाटली. स्वतःची नव्हे, बाची. ही लाज त्याला सोसवेना. आयुष्यभर लोकांनी बाला हजार गोष्टींवरून हिणवलं होतं, अंगाच्या वासावरून, कातडी भिजवायच्या कुंडातल्या पाण्यावरून, मेलेली जनावरं ओढण्यावरून. पण सोंड गळते असं कुणी म्हटलं नव्हतं. ती एकच जागा होती जिथं बा पाटलाच्या डोळ्याला डोळा लावून बोलायचा. आणि तीच आज पोरानं रस्त्याच्या मधोमध फाडून ठेवली. तो आखडलेलं कातडं बोटांत फिरवत राहिला. शिजलंय हे. शिजलंय. आणि मग हळूहळू, इंजन निवत होतं तसा, त्याचा जीव जाग्यावर आला. बाच्या कातड्यानं कधी गरम पाणी बघितलंच नव्हतं. हिरीचं पाणी थंड असतं, पाताळाचं. बाची विद्या थंड पाण्याची. त्यात खोट नव्हती. खोट होती ती गुंडूची, की त्यानं विचार न करता बाचं सगळं उचलून कढत्या पाण्यावर घातलं. बापाचा अभिमान धरायचा म्हणजे डोकं बापाकडं गहाण टाकायचं असं नसतं. हे कळलं तेव्हा त्याला स्वतःचा राग आला, आणि राग त्याला नेहमीच मानवायचा. लाजेनं हात गळतात, रागानं चालतात.

"पाणी संपलं?" सरकारांनी विचारलं. "संपलं." "मग जा की. ती बग मोट चाललीया. माग जा."

गुंडू हलला नाही. रस्त्याच्या कडेच्या मळ्यात मोट चालली होती. एक गडी नाड्यावर बसून बैल उताराला हाकत होता आणि एक म्हातारी वांग्यांच्या वाफ्यात दारं मोडत पाणी फिरवत होती. मोट वर यायची तेव्हा तिच्या कुशीतून पाण्याचा फवारा उडायचा, ती फाटली होती.

"आरं जा की!"

"सरकार, मी पाणी मागत न्हाय."

"म्हंजे?"

"मागत न्हाय म्हंजे मागत न्हाय. आजपातूर मागितलं न्हाय."

 रागावावं का हसावं हे सरकारांचं ठरेना. मग त्यांनी टोपलीतूनच आवाज दिला, "ओ पावणं! जरा हिकडं या!" गड्यानं बैल थांबवले, आसूड खांद्यावर टाकून आला, फेटा बघून मुजरा केला. त्याचं नाव बाळासो. मागून म्हातारी आली, हातात खोरं, पायाला चिखल. ती त्याची आई, धोंडुबाई. सरकार म्हणाले, "पाणी पायजे फटफटीला. आमच्या गुंड्याला द्या."

बाळासोनं गुंडूला खालवर न्याहाळलं. खाकी कोट, पायात बूट, तोंडाला काजळी. "कोन म्हनायचं हे?"

"डायवर हाय माझा."

"त्ये दिसतंय, सरकार. कोन हायती?"

सरकारांची जीभ जरा अडखळली. जरासंच, पण गुंडूनं ते पाहिलं. पुलाजवळच्या लोकांना आपणहून सांगताना ती अडखळली नव्हती. विचारल्यावर मात्र अडखळली. म्हणून त्यानं स्वतःच उत्तर दिलं, "ढोर हाय. कोल्हापूरचा. मोटा शिवत हुतो, आता ही हाकतो."

"हां," बाळासो म्हणाला. त्याचा गोंधळ मिटला, चेहरा मोकळा झाला. "मग पाटातलं घे की खालच्या अंगाचं. कोन न्हाय म्हंतंय?"

"पाटातलं गढूळ हाय. हिच्या जाळीतल्या नळ्या गव्हाच्या काडीएवढ्या. गाळ बसला की मेली."

"मानसं पित्यात की त्येच!"

"मानसं पित्यात," गुंडू म्हणाला. "ही पीत न्हाय."

सरकारांनी टोपलीच्या कडेवर हात आपटला. "महाराजांचा हुकूम ठावं न्हाय व्हय रं तुला? पाणवठ्यावर कुनाला आडवायचं न्हाय म्हून?"

"ठावं हाय की, सरकार. चावडीत वाचून दावला. सरकारी हिरीला, शाळंला, दवाखान्याला. ही हिर माझ्या आज्जानं खनलीया." आणि हे खरंच होतं. गुंडूला वाटलं, ह्या बाळासोला कुणी कायदा शिकवायची गरज नाही.

पण पाणी मागाहून. आधी नळी. गुंडूची नजर बाळासोच्या खांद्यावरच्या आसुडावर गेली आणि तिथंच थांबली. पांढरट, न कमावलेल्या कातड्याची वादी, मीठ लावून नुसती वाळवलेली. कच्ची. आणि त्याला आपलं डाव्या हाताचं मधलं बोट आठवलं, आठवलं म्हणजे दुखलंच. लहानपणी चुलीपुढं बसून त्यानं अशीच ओली वादी खेळता खेळता बोटाला गुंडाळली होती. आग लागली तशी वादी आवळत गेली, आवळतच गेली. बोट जांभळं झालं, मग काळं पडायला आलं, गुंडू बोंबलला आणि बानं रापीनं ती कापून काढली. वर एक मुस्काटात दिली. "कच्च्या कातड्याला उष्णता लागली की ते सोडत न्हाय, ध्यानात धर!" ढोरवाड्यात उललेलं जू, चिरलेली गाडीची धुरी असल्याच ओल्या वादीनं बांधून उन्हात टाकायचे, वाळली की लोखंडाचं कडं. कमावलेलं कातडं गरमात मरतं. कच्चं गरमात घट्ट होतं. आणि इथं उष्णतेला तोटा कुठं होता? ती फुकट मिळत होती, सबंध इंजनभर.

"तो आसूड द्या," गुंडू म्हणाला.

"आसूड? आनि बैलं कशानं हाकू?"

"तोंडानं हाका. लांबनं ऐकत आलो की, तुमचं तोंड काय कमी न्हाय."

म्हातारी फस्सकन हसली. "दी की रं बाळ्या. न्हाईतरी बिनकामाचं झोडपत असतोस मुक्या जितराबाला."

बाळासोनं आसूड हातात दिला नाही, गुंडूच्या पुढ्यात मातीत टाकला. गुंडूनं तो उचलला, वादी सोडवून पाटाच्या पाण्यात भिजत घातली. वादीला गढूळ चालतं. ती मऊ होईपर्यंत त्यानं फाटकी शिवण काढून टाकली, हत्यारांत ठेवलेला सायकलच्या जुन्या ट्यूबचा एक पट्टा उललेल्या जागी बसवला आणि त्यावर वादी घेतली. आता टाका नाही. टाका म्हणजे भोक, आणि भोक म्हणजे गरम पाण्याला वाट. नुसते वेढे, एकाला एक खेटून, दातांत टोक धरून ओढत, मान मागं टाकत. कच्च्या कातड्याची खारट, जुनाट चव तोंडात पसरली. ह्या चवीची त्याला शिसारी यायची. पागेत लागल्यावर पहिलं काय केलं असेल तर बंबाच्या पाण्यानं, साबणानं अंग खरवडलं होतं, ही चव, हा वास जावा म्हणून. आज ती जिभेवर आली आणि त्याला एकदम भरभरून वाटलं. कुणी दिली नव्हती ही विद्या. शाळेत नव्हती, मुंबईच्या फिटराजवळ नव्हती, आणि खरं सांगायचं तर बाजवळही नव्हती. बानं मुस्काटात दिली होती एवढंच. तिथून इथवर तो एकटा आला होता.

शेवटची गाठ वेढ्याखाली सारून तो उठला. जाळीचं झाकण काढलं, नरसाळं जाळीच्या तोंडात धरलं आणि म्हणाला, "आता पाणी."

सरकारांनी बाळासोला मानेनं खुणावलं. बाळासो घागर भरून घेऊन आला. हातभर अंतर राखून उभा राहिला, घागर उंच धरली आणि वरून धार सोडली. पिढ्यान् पिढ्या जशी सोडत आले तशी. हात सरावलेला होता. धार नरसाळ्याच्या कडेवर आपटली, निम्मी तापल्या लोखंडावर चुरचुरली, निम्मी गुंडूच्या बाहीत गेली.

"वरनं चालत न्हाय," गुंडू म्हणाला. "घागरीचं तोंड नरसाळ्याला टेकवाय पायजे."

बाळासो थांबला. नरसाळं गुंडूच्या हातात होतं.

"तू नरसाळं सोड. लांब हो. मी वततो."

"सोडलं की पडतंय. धरूनच वताय पायजे."

बाळासोनं परत वरून ओतलं, ह्या वेळी जरा खालून. परत सांडलं. घागर संपली, जाळीत घोटभरही गेलं नसेल. गुंडू नरसाळं धरून उभा होता. तो हात पुढं करत नव्हता, मागंही घेत नव्हता. त्याला त्या क्षणी कळून चुकलं, की आज इथं तहानलेला तो नाही. पाणी त्याला नकोच आहे. ज्याला हवंय ते यंत्र वरून टाकलेलं घेत नाही, त्याला तशी सवयच नाही, आणि ते शरमत नाही. बाळासो दुसरी घागर घेऊन आला तोवर सरकार टोपलीतून उतरले होते. "आन हिकडं, मी वततो!" म्हणून त्यांनी ती हिसकावून घेतली. जन्मात त्यांनी भरली घागर उचलली नव्हती. ती काखेत घ्यायची का खांद्यावर हेच ठरेना, बुडाला धरायला गेले आणि निम्मी घागर त्यांच्या जरीच्या पायतणावर रिकामी झाली.

"आगं बाई गं!" धोंडुबाई कडाडली. खोरं टाकून ती पुढं झाली. "पानी हाय का काय हाय हे? बैलांनी तोंडाला फेस आनून वडलंय, आनि तुमी मातीत वताय लागलाय! सरका, सरकार. सरक रं बाळ्या, मुडद्या." तिनं घागर काढून घेतली, पदर खोचला, आणि फटफटीला खेटून उभी राहून घागरीचं तोंड नरसाळ्याच्या कडेला टेकवलं. काठाला काठ लागला. पाणी बुडबुड करत आत जायला लागलं, काही गुंडूच्या बोटांवरून घरंगळत जाळीत गेलं.

"आये!" बाळासो म्हणाला.

"गप. घागर घासून घीन राखंनं."

"घासा की, आजी," गुंडू म्हणाला. "घरी गेल्यावर मी बी जाळी घासून घेनार हाय."

म्हातारीनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. तिचे डोळे पिंगट होते, कडेला चिरा पडलेले. रागावली असं वाटलं, पण घागर हलली नाही. जरा वेळानं ती म्हणाली, "जिभंला हाड न्हाय तुझ्या." आणि मग, "हाताला भाजतंय?"

"न्हाय."

"मग धर नीट."

गुंडूनं नरसाळं आणखी घट्ट धरलं. भाजत नव्हतं. हिरीचं पाणी थंडगार होतं, बाच्या कातड्याला ठाऊक होतं तसलं.

जाळी काठोकाठ भरली. त्यानं झाकण लावलं, लाथ मारली. इंजन धडधडलं. आता वाट बघायची होती. सगळे वाट बघत उभे राहिले. गुंडू उकिडवा बसून नळीवर डोळे लावून होता. वेढ्यांच्या फटीतून आधी पाणी पाझरलं आणि एक थेंब खाली पडला. बाळासोनं मानेनंच "गेलं" असं केलं. गुंडूनं ते पाहिलं, तरी इंजन चालूच ठेवलं. मग उष्णता चढली. ओली वादी हळूहळू पांढरी पडत गेली, तिच्या कडा ताठरल्या, वेढ्यात वेढा रुतायला लागला. बारीक करकर ऐकू आली, गाडीचं चाक नव्या आसावर करकरतं तशी. पाझर थांबला. गुंडूनं इंजन आणखी पळवलं, जाळीतून ऊब येऊन तोंडाला लागली, पाणी उकळीला आलं असेल. वादी आता हाडासारखी दिसत होती. त्यानं तिच्यावर नख मारून बघितलं. टक् असं वाजलं.

बाळासोही खाली बसला होता. मघाचं हातभर अंतर तो विसरला होता. शेतकऱ्याला अवजार दिसलं की दुसरं काही दिसत नाही. "आयला," तो म्हणाला, "सोंडंगतच बांधलीया की." आणि नजर न उचलता, उगीच मातीवर रेघ ओढत, "आमची बी मोट फाटलीया. आमचा शिवनारा म्हातारा गेला ह्या साली. वांगी जळाय लागल्यात. शिवशील?"

गुंडूला नाही म्हणायचं होतं. मोटा शिवणं सोडलं म्हणूनच तो माणसात आला होता, असं ढोरवाड्यातलीही माणसं म्हणायची. तो फटफटीवाला होता. "न्हाय" हा शब्द ओठांवर आला, आणि तिथंच त्याला दुसरंच काहीतरी सुचलं. मागं थारोळ्यावर फाटकी मोट लोंबकळत होती, खाली हिरीचं काळं तोंड होतं.

"शिवीन," तो म्हणाला. "पन आमच्या घराची एक रीत हाय. मोट शिवली की शिवनारा सोता हिरीवर येतो. सोताच्या हातानं मोट हिरीत सोडतो, भरून घेतो, वर काढून थेंब गळतोय का बगतो. मगच मालकाच्या ताब्यात देतो. तेच्याबिगर आमी मोट देत न्हाय."

हे बोलताना त्याचा आवाज सपाट होता. रीती सांगताना आवाज असाच असतो, कारण रीत सांगणारा काही मागत नसतो. मोट पोचवायला गेला की बा लांब उभा राहायचा आणि मालक पारखून घ्यायचा. ह्यापलीकडे त्याच्या घरात कुठलीच रीत नव्हती. पण गुंडूला त्या वेळी अगदी स्वच्छ दिसत होतं, की हिरीवर घागर उंच धरायची रीतही कुणीतरी, कधीतरी, असाच आवाज सपाट ठेवून पहिल्यांदा सांगितली असणार, आणि समोरच्यांनी माना खाली घातल्या म्हणून ती झाली असणार.

बाळासोनं आईकडे पाहिलं. आई वांग्याच्या वाफ्यांकडे बघत होती. पाण्याचा पाट थांबला होता आणि वाफ्याच्या शेंड्याला माती पांढरी पडायला लागली होती.  मग खोरं उचलत ती म्हणाली, "बेस्तरवारी ये. आनि कातडं चांगलं आन, हलकं नगं."

"आमच्यात हलकं नसतंय, आजी."

फटफटी निघाली. मळे मागं पडत गेले, समोर जोतिबाचा डोंगर वर वर येत चालला.  भिजलेली पायतणं काढून सरकारांनी मांडीवर धरली होती. मग टोपलीतून वाकून, इंजनाच्या वर आवाज चढवून त्यांनी विचारलं, "गुंड्या, खरं सांग. तुमच्यात खरंच तशी रीत हाय व्हय रं?"

गुंडूनं रस्त्यावरची नजर काढली नाही.

"आजपासनं हाय, सरकार."